पुन्हा मैदानावर रुजू

मुळा नदीच्या काठच्या खडकीचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईपुरते येते, आणि सामान्य पुणेकराला ही छावणी दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे, बाँबे सॅपर्सच्या केंद्रामुळे अथवा महायुद्धातील सैनिकांच्या दफनभूमीमुळे ठाऊक असते; परंतु या वस्तीत दोन निराळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत, आणि कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांच्या खेळाचा विचार करताना त्या दोहोंची एकत्र आठवण होणे अपरिहार्य आहे. पहिली परंपरा खेळाची. कारखान्याच्या वसाहतीत, मैदानाची निगा राखणाऱ्या एका कामगाराच्या घरी वाढलेले धनराज पिल्ले मोडक्या स्टिका आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकले, पुढे चार ऑलिंपिकांत भारताकडून खेळले, आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कप्तान झाले. दुसरी परंपरा पुनर्वसनाची. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली, आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली येथेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले, जेथे चाकाच्या खुर्चीत बसून खेळलेला बास्केटबॉल हा फावल्या वेळेचा विरंगुळा न समजता उपचाराचाच भाग समजला जातो.

हा विचार मूळचा लुडविग गुट्मान या जर्मन निर्वासित डॉक्टराचा. इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात त्याने २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, सोळा जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची चाकाच्या खुर्चीवरून धनुर्विद्येची स्पर्धा भरवली, आणि त्या लहानशा उपक्रमातूनच पॅरालिंपिक जन्मास आले. आपल्याकडे त्याची साक्ष द्यावयाची तर सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण पुरेसे आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, उपचार म्हणून पाण्यात उतरला, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्याने देशाला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. शरीरात काय उरले आहे याचे नीट मोजमाप करावे, आणि त्या मोजमापाच्या आधारे खेळ नेमून द्यावा, हे तत्त्व जखमी सैनिकाच्या बाबतीत आपण केव्हाच मान्य केले. कर्करोगातून बऱ्या झालेल्या शाळकरी मुलाच्या बाबतीत मात्र ते आपल्या शाळांच्या दप्तरी अद्याप पोचलेले नाही. त्याच्या वाट्यास येते ती सरसकट माफी, आणि ही माफी कितीही दयाबुद्धीने दिलेली असली तरी ती त्याचे नुकसानच करते.

प्रश्न जुना नाही, कारण ज्या मुलांविषयी तो विचारावयाचा ती मुले पूर्वी जगतच नसत. त्यांच्या जगण्याची कथा, आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी, की काही अंशी मुंबईत सुरू होते. १९२८ साली मुंबईस आलेल्या लूसी विल्स या इंग्रज स्त्री-डॉक्टरने गरीब गर्भवती गिरणीकामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करताना यीस्टच्या अर्कातील एक रक्तवर्धक द्रव्य हेरले. पुढे फॉलिक अ‍ॅसिड या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या कुळातील द्रव्याची नक्कल करून पेशींना चकवणारी औषधे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली. आणि त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध तीव्र रक्तकर्करोगाच्या सोळा मुलांना दिले असता दहा मुलांत रोग काही काळ मागे हटला, असे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. ती माघार क्षणिक होती. एकाच वेळी अनेक औषधे देण्याची धाडसी पद्धत मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी १९६२ पासून राबवली, तेव्हा कोठे निम्मी मुले कायमची बरी होण्याची भाषा बोलता येऊ लागली. आज श्रीमंत राष्ट्रांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक वाचतात, आणि गरीब राष्ट्रांतही २०३० पर्यंत निदान शेकडा ६० वाचावीत असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठेवले आहे. भारतात दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुलांना हा रोग जडतो असा अंदाज आहे. त्यांतील वाचणाऱ्यांचा वाटा जसजसा वाढेल तसतसा शाळेच्या मैदानाचा प्रश्नही वाढत जाईल.

मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हा पुढचा प्रश्न देशात सर्वांआधी ओळखला. उपचार संपवून घरी गेलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग तेथे १९९१ साली सुरू झाला; आणि अशा बऱ्या झालेल्या मुलामुलींनी स्वतःच एकत्र येऊन परस्परांस आधार द्यावा म्हणून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ साली ‘उगम’ हा गट निघाला. पुण्या-खडकीतल्या कित्येक कुटुंबांचा परळशी असलेला संबंध निदानाच्या दिवशी जुळतो आणि फॉलोअपच्या तारखांनी टिकून राहतो. परंतु वर्षातून एकदा होणाऱ्या त्या भेटीत हृदयाची, वाढीची, रक्ताची तपासणी होते. मुलगा सोमवारी पीटीच्या तासाला काय करतो, हे विचारावयास तेथे वेळ कोणाला?

आणि घरची मंडळी ते आपण होऊन सांगत नाहीत, यालाही कारण आहे. हाडाचा कर्करोग बहुधा दहा ते वीस वर्षांच्या वयात, आणि त्यातही गुडघ्याच्या आसपास उद्भवतो. म्हणजे नेमका त्या वयात, की जेव्हा मुले दिवसभर धावत-पडत असतात. दुखणे प्रथम लक्षात येते ते खेळताना लागले म्हणून. महिनाभर लेप, मालीश आणि स्प्रे होऊन सूज हटत नाही तेव्हा एक्स-रे काढला जातो, आणि त्या क्षणापासून आईच्या मनात खेळ हा या संकटाचा जनक ठरून बसतो. वस्तुतः मार लागल्याने कर्करोग होत नाही. खेळाने फक्त आत दडलेले दुखणे उघडकीस आणलेले असते. पण ही गोष्ट कुटुंबास कोणी स्पष्टपणे, दोनदा-तीनदा, आजी-आजोबांच्या समक्ष सांगितली नाही, तर रोग गेल्यावरही मैदानाविषयीचे वैर जात नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांच्या घरी हेच वैर निराळ्या रूपाने दिसते: दोन-अडीच वर्षे ‘काउंट कमी आहेत, बाहेर जाऊ नको’ हे वाक्य ऐकून ऐकून त्या घराला बाहेर या शब्दाचीच धास्ती बसलेली असते.

शाळाही या भीतीत आपली भर घालते. जबाबदारी आपल्यावर नको, म्हणून मुख्याध्यापक ‘खेळास अपात्र’ असा डॉक्टरचा दाखला मागतात. डॉक्टर, रांगेत चाळीस रुग्ण उभे असताना, तसा दाखला देतात. त्यावर मुदत नसते, आणि मुदत नसलेला कागद आपल्याकडे आपोआप कायमचा होतो. पीटीचे सर भले असतील तर मुलाला धावफलक लिहावयास बसवतात. सुरुवातीला ते उत्तमच; चार महिने दूर राहिलेल्या मुलाला मैदानाच्या कडेला बसणे हाही मोठा प्रवेश असतो. मात्र तीन वर्षांनी, आठवीत गेल्यावरही, तोच मुलगा तीच वही घेऊन बसलेला दिसला, तर त्याचा रोग कोणत्या अवयवात होता याचा शोध आता रुग्णालयाबाहेर घ्यावयास हवा.

मग मुभा कशाची द्यावी आणि कशाची रोखावी? येथे ‘अशक्तपणा’ या मोघम शब्दाने काम भागत नाही. प्रत्येक औषध शरीरावर आपली वेगळी सही करून जाते, आणि ती सही ज्याला वाचता येते त्याला खेळ नेमून देता येतो. विन्क्रिस्टिनचे उदाहरण घ्यावे. हे औषध सदाफुलीपासून काढतात, त्याच सदाफुलीपासून, जिची जांभळी-पांढरी फुले आपल्या शाळांच्या कुंपणाशी बारमाही फुललेली असतात. रक्ताच्या कर्करोगावरील जवळजवळ प्रत्येक उपचारक्रमात ते असते, आणि ते हातापायांच्या दूरच्या मज्जातंतूंना दुखावते. पाऊल घोट्यापाशी पुरेसे उचलले जात नाही, चप्पल पायातून निसटते, टाचांवर चालता येत नाही, बोटांना शर्टाची बटणे लागत नाहीत. अशा मुलाला लंगडी घालावयास सांगा. निरोगी सवंगडी ज्या खेळात बोलता-बोलता मैदान ओलांडतात, तेथे हा दोन उड्यांत तोल जाऊन खाली येतो. आणि वर्ग हसतो. ज्या शिक्षकाला कारण माहीत आहे तो याच लंगडीचा उपयोग मोजमाप म्हणून करील: जूनमध्ये दोन उड्या, दिवाळीपर्यंत सहा, संक्रांतीला दहा. औषध थांबल्यावर बहुतेकांचे मज्जातंतू काही महिन्यांत सावरतात, काहींचा दोष वर्षानुवर्षे रेंगाळतो. तोवर धावण्याच्या शर्यतीपेक्षा सायकल, पोहणे, आणि घोट्याला आधार देणारे बूट हे अधिक शहाणपणाचे.

स्टेरॉइडची सही मांड्यांवर आणि नितंबांवर असते. या औषधांनी मूल फुगते, चेहरा गोल होतो, आणि बाहेरून धष्टपुष्ट दिसणारा हा मुलगा जमिनीवरून उठताना मात्र गुडघ्यांवर हात टेकवून वर येतो. आपल्या खो-खोत उकिडवे बसून, खो मिळताच एका झटक्यात उठून धावावे लागते. या मुलांची नेमकी तीच हालचाल दुबळी झालेली असते. म्हणून खो-खो त्यांना वर्ज्य, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. चौकात बसण्याऐवजी उभे राहून खो घेण्याची सवलत वर्गापुरती देता येते, आणि उकिडवे बसून उठणे हाच त्यांचा व्यायाम ठरवता येतो: आधी खुर्चीवरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून. आपल्या देशी खेळांची ही खुबी विदेशी पुस्तकांतून सापडणार नाही. लंगडी, लगोरी, खो-खो, आट्यापाट्या यांत साहित्याचा खर्च नाही, नियम गल्लीपुरते लवचीक आहेत, आणि प्रत्येक खेळ शरीराच्या एका विशिष्ट शक्तीची परीक्षा घेतो. एखाद्या फिजिओथेरपिस्टाने व एखाद्या क्रीडाशिक्षकाने मिळून या खेळांची अशी श्रेणीबद्ध मांडणी करणे अगत्याचे आहे. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापून शारीरिक शिक्षणाला जेथे शास्त्राची बैठक दिली, त्या पुण्यात हे काम करणारी माणसे मिळू नयेत असे नाही.

स्टेरॉइडचा दुसरा परिणाम मात्र सवलतीने सुटणारा नाही. दहा वर्षांवरील मुलांत, विशेषतः किशोरवयात, या औषधांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो आतून झिजू लागण्याचा धोका असतो. हे दुखणे कित्येकदा जांघेत किंवा, फसवे म्हणजे, थेट गुडघ्यात जाणवते. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार घेतलेला किंवा घेत असलेला चौदा वर्षांचा मुलगा ‘सर, गुडघा दुखतो’ म्हणाला, तर स्प्रे मारून त्याला पुन्हा धावावयास लावू नये. उड्या आणि धावणे थांबवून त्याच आठवड्यात खुब्याची तपासणी करवावी. क्रीडाशिक्षकाला या साऱ्या विषयातून एकच गोष्ट लक्षात ठेवता येणार असेल, तर ती ही असावी.

हृदयावर सही करणारे औषध लाल रंगाचे असते, आणि मुलांच्या व पालकांच्या बोलीत त्याला ‘लाल केमो’ हेच नाव आहे. डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्या वर्गातील औषधांची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमवर गेली की हृदयाचे स्नायू पुढे दुबळे होण्याचा धोका ठळक वाढतो, आणि हा दुबळेपणा दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा, आधी कोणतेही लक्षण न दाखवता, प्रकट होऊ शकतो. म्हणून ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणे आवश्यक. इको चांगला असेल, तर धावणे, पोहणे, फुटबॉल, क्रिकेट यांस हरकत नसते, उलट हृदयाला त्यांचा लाभच होतो. सावधगिरी हवी ती श्वास कोंडून जड वजन उचलण्याबाबत. लहानपणी फार जपलेला मुलगा अकरावीत जाताच जिमचे सभासदत्व घेतो, आणि जिमच्या प्रशिक्षकाला त्याच्या पूर्वेतिहासाची वार्ता नसते. कुस्तीच्या तालमीतही हीच गोष्ट. येथे बंदी घालण्यापेक्षा हलके वजन आणि अधिक आवर्तने हा मार्ग डॉक्टरच्या सल्ल्याने आखून द्यावा. बंदी या वयात कोण पाळतो?

इतर औषधांची नोंद थोडक्यात करतो. ब्लिओमायसिन फुप्फुसांना कडक करू शकते, म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीआधी श्वासाची तपासणी. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होते, आणि उंच पट्टीचे आवाज सर्वांआधी हरपतात. दोष वाढला असेल तर पंचाची शिट्टी या मुलाला ऐकू येत नाही, आणि तो बेशिस्त ठरतो, तेव्हा हात उंचावून खूण करण्याची पद्धत ठेवावी. लहान मेंदूतील गाठ काढलेल्या मुलांना तोल आणि चेंडूचा अंदाज यांची अडचण राहते. मूत्रपिंडातील गाठीमुळे एकच मूत्रपिंड उरलेल्या मुलांना आपल्याकडे सर्रास सगळे खेळ बंद होतात, हा मात्र अतिरेक आहे: खेळात मूत्रपिंड गमावण्याचे प्रसंग अत्यंत विरळ असून त्यांत मैदानी खेळांपेक्षा सायकलवरून पडण्याचा वाटा मोठा आहे, आणि सायकल तर त्याच मुलाला वाढदिवसाला बिनदिक्कत मिळालेली असते.

उपचार चालू असतानाच्या काळाचा हिशेब वेगळा. रक्ताच्या कर्करोगाचा ‘मेंटेनन्स’ हा टप्पा दीड-दोन वर्षे चालतो, मूल गोळ्या घेत शाळेत येत असते, आणि या अवस्थेत त्याला काय चालेल हे त्या आठवड्याच्या रक्ततपासणीवर ठरते. प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या खाली असतील तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत; छातीत त्वचेखाली औषध देण्यासाठी बसवलेला पोर्ट असेल तर त्यावर चेंडू वा कोपर बसता कामा नये; नळीचे टोक शरीराबाहेर असेल तर पोहणे नाही. मात्र चालणे, हलके योगासन, बॅडमिंटन यांस बहुधा मज्जाव नसतो. शाळेतील खरी धास्ती चेंडूपेक्षा कांजिण्या आणि गोवर यांची. वर्गात कोणाला कांजिण्या आल्याचे कळताच त्या मुलाच्या घरी त्याच दिवशी निरोप जावा, कारण प्रतिबंधक उपचाराला वेळेची मर्यादा असते. केमो संपल्यावर प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास साधारण सहा महिने लागतात, आणि लसींची फेरी त्यानंतर पूर्ण करावयाची असते.

हाडाच्या कर्करोगात पाय वाचवून आत धातूचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आता रूढ झाली आहे, आणि परदेशी सांध्याची किंमत न परवडणाऱ्यांसाठी टाटा मेमोरियलने देशी बनावटीचा सांधाही विकसित केला. असा सांधा बसलेल्या मुलाने चालावे, पोहावे, सायकल चालवावी. पण उड्या आणि धावणे यांनी तो लवकर सैल होतो, आणि पुन्हा शस्त्रक्रिया ओढवते. गंमत, किंवा क्रूर विसंगती म्हणा, अशी की ज्याचा पाय कापावा लागला तो मुलगा काही खेळांत पाय वाचलेल्याहून मोकळा असतो. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ साली याच रोगाने गेला, आणि १९८० साली कृत्रिम पायावर त्याने १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर धाव घेतली. फुप्फुसांत रोग परतल्याने त्याला थांबावे लागले, आणि पुढच्या वर्षी तो गेला. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, आणि तेथे नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात, ही गोष्ट खडकीतल्या पालकांना सांगावी लागते याचेच नवल वाटते.

आता पुराव्याविषयी. या मुलांना व्यायामाने नक्की किती लाभ होतो, या प्रश्नावर कोक्रेन संस्थेने २०१६ साली जो आढावा घेतला त्यात निकषांना उतरणारे अवघे सहा अभ्यास आणि १७१ मुले सापडली. त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्या परीक्षकांनीच म्हटले. हा तोकडेपणा झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत, बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या १५,४५० प्रौढांपैकी ज्यांनी आठ वर्षांच्या काळात आपला व्यायाम वाढवला व टिकवला, त्यांचा मृत्युदर न वाढवणाऱ्यांपेक्षा शेकडा ४० ने कमी आढळला. ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच अधिक व्यायाम करीत असतील, हा आक्षेप रास्त आहे, तरीही इतका मोठा फरक केवळ त्या एका कारणाने झटकून टाकता येत नाही. २०२१ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांचा आशय असा, की कर्करोग झालेल्या प्रत्येक मुलासाठी हालचाल हितावह व सुरक्षित असून ती उपचाराच्या काळातही थांबवू नये. जर्मनीत तर रुग्णालयातील क्रीडातज्ज्ञ आणि मुलाची शाळा यांचा दुवा जोडणारे जाळे २०१२ पासून आहे. आपल्याकडे असा दुवा म्हणजे आईच्या पिशवीतली प्लास्टिकची फाइल.

मॉस्को येथे कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी भरत आलेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांत परळहून गेलेल्या मुलांनीही भाग घेतला आणि पदके आणली. पोहणे, धावणे, बुद्धिबळ, टेबल टेनिस, नेमबाजी, फुटबॉल, असे सहा खेळ तेथे असतात. वर्तमानपत्रांत त्या मुलांची छायाचित्रे आली, आणि ती यावीत. परंतु पदकांच्या बातम्यांचा एक दुष्परिणाम दिसतो. क्रिकेटपटू युवराज सिंगने २०१२ साली कर्करोगावरील उपचारानंतर काही महिन्यांत भारतीय संघात पुनरागमन केले, ते पाहून शाळेत आठ मिनिटे चालून दमणाऱ्या मुलाला ‘तू तर योद्धा आहेस’ असे सांगितले जाते. त्याला योद्धा व्हावयाचे नसते. त्याला मधल्या सुट्टीत क्रिकेटमध्ये शेवटच्या क्रमांकाची का होईना, फलंदाजी हवी असते. शौर्याचे ओझे आणि माफीचा दाखला ही दोन्ही त्या साध्या इच्छेला सारखीच आडवी येतात.

मुलींचा प्रश्न आणखी बिकट. मुळात आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींतच कर्करोगाच्या मुलींचे प्रमाण अपेक्षेहून कमी भरते, म्हणजे काही मुली उपचारापर्यंत पोचतच नाहीत. ज्या पोचतात आणि बऱ्या होतात, त्यांच्या रोगाची वाच्यता पुढे लग्नात आड येईल म्हणून शाळेत होऊ दिली जात नाही. आणि जेथे रोग सांगावयाचाच नाही तेथे सवलत कशाच्या आधारे मागणार? अशा मुलीचे खेळणे बिनबोभाट संपते, दाखलाही न लागता.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची गणना आहे. पाय गमावलेला मुलगा त्यात बसतो, पण सदाफुलीच्या औषधाने घोटा दुबळा झालेला, हृदयाची काळजी घ्यावी लागणारा, दिसावयास धडधाकट मुलगा बहुधा कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे सारे मुख्याध्यापकांच्या सद्भावावर अवलंबून राहते.

खडकीपुरते पाहिले तर करण्याजोगे फार मोठे नाही. माफीच्या दाखल्याऐवजी सहा महिने मुदतीचा एक मुभापत्राचा नमुना असावा, ज्यात कोणती औषधे मिळाली, पोर्ट आहे की काढला, शेवटचा इको केव्हा झाला, कोणते खेळ मोकळे, कोणते सवलतीने, कोणते तूर्त तहकूब, आणि कोणत्या तक्रारीवर खेळ थांबवून कोणाला फोन करावयाचा, एवढ्याच बाबी मराठीत लिहिलेल्या असतील. उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही, पालकांची संमती आणि क्रीडाशिक्षकाची पोच, अशा तीन सह्या त्यावर असाव्यात. मुदत संपली की पत्र आपोआप रद्द, म्हणजे नवीन तपासणी आपोआप क्रमप्राप्त. छावणीच्या हद्दीत पुनर्वसनाचे काम करणारे अनुभवी फिजिओथेरपिस्ट आहेत; महिन्यातून एखादा शनिवार त्यांनी परिसरातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठी दिला, तर लष्करी शिस्तीला त्यात बाधा येण्याचे कारण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र खडकीच्या हातची नाही. राज्यातील शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांत, जन्मतारखेच्या आधारे होतात, आणि त्यांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे क्रीडागुण अवलंबून असतात. अकराव्या वर्षी आजारी पडून तेराव्या वर्षी मैदानावर परतलेल्या मुलाचा पहिला वयोगट उपचारातच जवळजवळ सरलेला असतो, आणि तो पुढच्या गटात अशा मुलांसमोर उभा राहतो ज्यांनी मधली दोन्ही वर्षे सराव केलेला आहे. रुग्णालयाच्या नोंदीवरून सिद्ध होणारा उपचाराचा काळ, निदान तालुका व जिल्हा पातळीवर, वयातून वजा धरण्याची मुभा द्यावी, अशी दरखास्त एखाद्या शाळेने क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे करावयास हरकत नाही. वय चोरण्याच्या प्रकारांनी त्रस्त झालेले ते खाते प्रथम कपाळाला आठ्या घालील, हे गृहीत धरूनच दरखास्त लिहावी, आणि सोबत रुग्णालयाच्या दाखल-मुक्तीच्या तारखांचे कागद सही-शिक्क्यानिशी जोडावेत.